गंगेचा घड

मव्हं माहेर मुखेडाकडचं. तिकडं माळ हाय, दगड हाय, आन् पानी म्हनाल तर हंड्यात. मी ल्हान असताना पानी डोक्यावर असायचं न्हाईतर माठात असायचं, पानी पायाखालीबी असतंय हे मला ठाऊकच न्हवतं. मव्ही माय आडावर नंबर लावून बसायची आन् घागर माझ्या डोक्यावर ठेवताना म्हनायची, सांडू नको गं, सांडलंस तर तूच परत येशील. तर पान्याचं भेव मला तवापासून, पन ते सांडायचं भेव. बुडायचं भेव लग्न झाल्यावर लागलं. काय सांगू ताई तुमाला, विहारात लग्न लागलं, जीपनं इकडं आले, खाली उतरून समोर बघितलं तर पानीच पानी. विष्णुपुरीच्या धरनाचा फुगवटा आमच्या गावाला येऊन टेकलाय. मालक म्हनले, ही गंगा. इकडं गोदावरीला गंगाच म्हनतात. मी म्हनलं, हिला कुनी झाकून का ठेवीत न्हाई? ते लई हासले. आजून कुनी पाव्हनं आलं की ते सांगतात आन् हासतात, आमची शांता गंगेला झाकन बघून राहिली व्हती म्हनून.

पोहायला मी शिकले न्हाई. धुनं धुवायला बाया पान्यात उतरायच्या, मी काठावरच्या दगडावर बसून तांब्यानं पानी वढून घ्यायची. सासू म्हनायची, ही बगा मुखेडची राणी, गंगेच्या काठाला येऊन तांब्यानं धुती.

आमाला जमीन न्हाई. मी आन् मालक केळी तोडायच्या टोळीत. मालक घड कापायचे, आमी बाया डोक्यावर चुंबळ ठेवून घड घाटावर आनून टाकायचो. आता घाटावर का, तर आमच्या अंगाला डांबरी रस्ता लई फेऱ्यानं, पुलावरून वळसा घालून, आन् पावसाळ्यात ही काळी माती अशी धरती की ट्रक तर सोडा, बैल उभा राहतोय. पल्याड मातर सडक हाय, ट्रक थेट पान्यापाशी येतो. म्हनून आमच्या गावाचा माल पयल्यापासून नावेनं जातो. किशनमामा भोयाची लाकडी नाव व्हती. एका खेपेला एकाच शेतकऱ्याचा माल मावायचा, तेवढीच ती.

आन् मामाचा एक रिवाज व्हता. माल मोजायचा तो काठावर, नावेवर चढला की मग बोट दाखवून मोजायचा न्हाई. आन् सगळा माल चढवून झाला की एक घड वरून ठेवायचा, नावेच्या तोंडाशी. तो मोजनीत न्हाई, इक्रीत न्हाई, तो गंगेचा. पल्याड गेल्यावर तिथं जे कुनी उपाशी असंल, मेंढरावालं, ऊसतोडीवालं, त्यांच्या लेकरांना तो द्यायचा. मी एकदा मामाला इचारलं, गंगा काय केळी खाती व्हय? तर मामा म्हनला, अगं येडे, गंगेची भूक लेकरांच्या पोटात असती. आता आमच्या घरात देव न्हाईत. बाबासाहेबांचा फोटू हाय, बुद्धाची मूर्ती हाय, सासरे तर असे कडक की घरात नारळ फोडू द्यायचे न्हाईत. तरी घड ठेवायची येळ आली की सासरे दुसरीकडं बघायचे. भेव वाटलं की मानूस धर्म इचारत न्हाई बगा, आन् लेकरांच्या पोटात जाऊन राहिलं तर कोन कशाला अडवंल.

आमची मित्रा. नाव संघमित्रा, मामलेदारासारखं, घरी मित्रा. एकच लेकरू. शाळेत हुशार निघाली, सरांनी घरी येऊन सांगितलं, शांताबाई हिला केळीत घालू नका. आमच्या खानदानात पयली जी नांदेडला जाऊन डिप्लोमा शिकली. मशीनचा. त्या सरांचं मी आजूनबी नाव काढते. पास झाली तवा मव्हा भाऊ लातूरजवळ मुरुडला असतो, त्यानं लातुरात दालमिलच्या हाफिसात जागा बघितली, कम्प्युटरवर बसायचं, पंख्याखाली. मी म्हनलं, सोनं झालं. दालमिलीत पानी नसतंय.

तर ही म्हनली, आई, मी बोट चालवनार.

झालं असं की गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आन् मालासाठी बोट आनली. किशनमामाचे हात थरथरायला लागले व्हते, नावबी पाझरायची. ही नवी बोट चपटी, लोखंडाची, बॅटरीवर चालनारी, आवाज म्हनाल तर घरघर नुसती. चालवायला शिकलेलं मानूस पायजे व्हतं, कारन तिच्यात सगळी यंत्रं. आधी शेतकरी घरी बसून फोनवर सांगनार, उद्या मव्हा एवढा माल. मग घाटावर काटा, प्रत्येकाचे घड काट्यावर चढनार, दांडीला स्टिकर लागनार, ते फोनला दाखवलं की फोनला कळतंय कुनाचं किती वझं. पल्याड ट्रकवाल्याच्या फोनला बोट कुठवर आली ते दिसनार, म्हंजे केळी उन्हात पडून काळी पडत न्हाईत. समोर एक पडदा, खाली पानी किती खोल ते दाखवनारा. बुडाला एक यंत्र, बोट जास्त दबली की पीं पीं करनारं. आन् बाहेरून दोन्ही अंगाला लाल रेघ मारलेली. ती रेघ पान्याच्या वर दिसली पायजे, पान्यात गेली की निघायचं न्हाई.

पयल्या दिवशी दत्ताराव, त्यांची काठावर लई केळी, ते घाटावर सगळ्यांदेखत म्हनले, आता शांताबाईची पोरगी आमची केळी बुडवनार म्हना. मी खाली बघितलं, त्यांच्याच शेतात आमची टोळी. पन मित्रा म्हनली, काका, बुडवायला डिप्लोमा लागत न्हाई, ते बिनशिकता येतं, तारायसाठी शिकलेय. घाटावर हशा झाला, दत्ताराव बी हासले. मला मातर हासू आलं न्हाई. बुडवायचा शब्द तिच्या तोंडून निघाला एवढंच मला ऐकू आलं.

मग तिनं माझ्या फोनमधी एक नकाशा घालून दिला. म्हनली, आई, हा निळा ठिपका म्हंजे मी. तुला कवाबी बघता येतंय. तिला वाटलं माझं भेव कमी हुईल. काय सांगू तुमाला, पयलं भेव डोळ्याआड गेल्यावर लागायचं, आता तळहातावर आलं. ठिपका परत घाटाला लागोस्तर मला घास उतरायचा न्हाई. मालक म्हनायचे, तुव्हं पोट मोबाईलला जोडलंय का गं? एक दिवस ठिपका मधेच थांबला, हलंना. मी घाटावर बोंब ठोकली, चुंबळ फेकली, बाया पळत आल्या, कुनी दोरी आनली. जरा येळानं मित्रा निवांत बोट घेऊन आली. म्हनली, आई, ठिपका थांबला म्हंजे मी थांबले असं न्हाई, नेटवर्क थांबतं. बाया तवापासून मला नेटवर्क म्हनायला लागल्या. ए नेटवर्क, जेवलीस का.

तर ते गंगेच्या घडाचं सांगत व्हते. बोट नवी आली, काटा आला, स्टिकर आलं, पन घड ठेवायचं कुनी बंद केलं न्हाई. बंद करा असं कुनी म्हनलं न्हाई, आन् ठेवा असंबी कुनी म्हनलं न्हाई, हात आपोआप जातात. काट्यावर मातर तो कुनी चढवायचं न्हाई. गंगेचं काय वजन करता? इकायचा माल काट्यावर, गंगेचा घड थेट बोटीच्या तोंडाशी. मित्राबी ल्हानपनापासून तेच बघत आलेली, तिच्या डोळ्याला तो घड माल म्हनून दिसतच न्हवता. घरात खांब असतो, तो काय आपन मोजतो का, तसं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाची गोष्ट. वरच्या अंगाला लई पाऊस झाला, गंगा गढूळ झाली, आन् सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला की दुपारनंतर धरनाची दारं उघडनार, नदीत कुनी उतरू नका. मित्रानं हिशेब केला. म्हनली, एक खेप हुती, दारं उघडायच्या लई आधी मी पल्याड लागते, तिकडंच बोट बांधते, पानी उतरलं की येते. तिचा हिशेब बरोबर व्हता. पन पुढं काही दिवस बोट बंद राहनार म्हनल्यावर सगळं गाव घाटावर आलं. ज्याची केळी कापायला आलेली त्यानं कापली, पिकून गेली तर मातीमोल. एकाच खेपेला सगळ्यांचा थोडा थोडा माल, चढवायलाच लई येळ गेला. काट्यावर नीट चढला, स्टिकर लागलं, फोन म्हनला बसतंय.

आन् मग प्रत्येकानं आपापला गंगेचा घड ठेवला. पानी चढून राहिलं व्हतं, मान्सं भ्यालेली, कुनी थोरला बघून ठेवला, कुनी जोडीनं ठेवले. मीबी ठेवला. आमच्या न्हानीच्या मागं सांडपान्यावर केळीचं झाड हाय, त्याचा घड आनला, दांडीला माझ्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली. मव्हं तर लेकरूच जाऊन राहिलं व्हतं, मी न्हाई ठेवनार तर कोन?

खालचं यंत्र पीं पीं करायला लागलं. मित्रा वाकून बघायली. पुरासंगं जलपर्णी आलेली, बोटीच्या दोन्ही अंगाला हिरवी गादीच जमलेली, लाल रेघ तिच्याखाली झाकून गेलेली. आधीबी असं झालं व्हतं, जलपर्णीच्या मुळ्या यंत्रात अडकल्या की ते उगंच वरडायचं. तिनं बांबूनं ढकललं, ते गप झालं, परत वरडलं. तिनं फोनमधलं वजन बघितलं, बरोबर. कंपनीच्या नांदेडच्या साहेबांना फोन लावला, त्यांनी त्यांच्या पडद्यावर बघितलं, तेबी म्हनले वजन बरोबर हाय, मुळी अडकली असंल, पल्याड गेल्यावर साफ करा. आजूनबी मला वाटतं त्या दिवशी खोटं कुनीच बोललं न्हाई. फोनला जेवढं दाखवलं तेवढं त्यानं सांगितलं.

मित्रानं नारंगी जाकीट घातलं, म्हनली, येते आई. मी म्हनलं, ये.

आमच्या घाटावरून बोट वरच्या अंगाला तिरकी जाती, मधी बाभळीचं बेट हाय, त्याच्या मागं गेली की दिसत न्हाई. मग मी फोन काढला. ठिपका चालला व्हता, पन कसा, वझ्याची म्हैस चालावी तसा. बेट वलांडायलाच लई येळ लावला. मी मालकांना म्हनलं, आज हळू हाय. ते म्हनले, माल जास्त हाय, हळूच जानार. आन् मग भोंगा वाजला धरनाचा, दारं उघडायचा. मोठ्यानं, लांबून, गाय हंबरावी तसा. मव्ही नजर फोनवर, ठिपका मधोमध.

पयल्यांदा थांबला. मालक म्हनले, नेटवर्क असंल. बायाबी म्हनल्या, नेटवर्क असंल गं. माझ्याबी तोंडातून निघालं, नेटवर्क असंल. आन् ठिपका मागं यायला लागला. पल्याडला न्हाई, आमच्याकडं बी न्हाई, आडवा, धरनाकडं. ताई, थांबलेला ठिपका नेटवर्क असतो. मागं येनारा ठिपका नेटवर्क नसतो. मालकांनी फोन लावला, वाजून राहिला, उचलंना. माझ्या कानात नुसतं पानी.

दत्ताराव म्हनले, ते काय हाय?

बेटाच्या आडून काहीतरी वाहत आलं. हिरवं. वर खाली हुत. मग दुसरं. मग लई. केळीचे घड. घाटावर कुनी कुनाकडं बघंना. बोटीवरचा माल पान्यावर आला म्हंजे बोट कुठं हाय, हे सांगायला लागत न्हाई.

मी पान्यात शिरले. कवा शिरले मला आठवत न्हाई, मालक म्हनतात तू कमरेइतक्या पान्यात व्हतीस आन् लुगडं वर फुगलं व्हतं. त्यांनी मागून पदर धरला, मी वढून राहिले, ते वढून राहिले. एक घड वाहत माझ्यापाशी आला, मी त्याला मिठी मारली. हिरवी चिंधी. मव्हाच घड, न्हानीच्या मागचा. म्हनलं, माय गं, गंगेनं परत दिला, नको म्हनली, माझा घड नको म्हनली, लेकरूच ठेवून घेतलं. मी लई रडले, लई बोलले गंगेला, काय बोलले ते लिहू नका.

तवर मालकांनी दुसरा घड वढला, दत्तारावांनी तिसरा. आन् मालक एकदम म्हनले, स्टिकर न्हाई. ह्याला स्टिकर न्हाई. दत्ताराव म्हनले, ह्यालाबी न्हाई. किशनमामा काठावर बसलेले, ते काठी टेकून उठले. म्हनले, आरं बोट पालथी झाली असती तर समदाच माल आला असता. हे निस्ते तोंडाशी ठेवलेले आलेत. पोरीनं टाकलेत हे. हातानं टाकलेत.

मी फोन बघितला. फोन वल्ला, बोटं वल्ली, पडदा हलंना. दत्तारावांनी त्यांचा फोन माझ्यासमोर धरला. ठिपका थांबलेला. मग जरासा वर. परत जरासा वर. पल्याडच्या काठाकडं. मी त्याला म्हनून राहिले, चल, चल गं, चल, जसं ल्हानपनी तिला पयलं पाऊल टाकताना म्हनलं व्हतं.

मग त्यांच्याच फोनवर मित्राचा फोन आला. आई, लागले. बास एवढंच, आन् मग दोघी मायलेकी नुसत्या हुंदके देऊन राहिलो, दत्ताराव म्हनले बोला बोला, बॅटरीची फिकर करू नका.

पानी उतरल्यावर ती आली तवा घाटावर बसून सगळं उलगडलं. दारं उघडून पान्याची वढ सुरू झाली तशी बोटीनं तोंड खाली घातलं, पानी पुढून आत यायला लागलं, मोटर नुसती घरघर करून राहिली, बोट मागं. तिला वाटलं संपलं. आन् तवा तिची नजर तोंडाशी गेली, घडांचा ढीग. तिनं सांगितलं, आई, त्या दिवशी पयल्यांदा मला ते घड दिसले. तिनं सुकानू बांधलं आन् एकेक घड गंगेत सोडला, सोडला, बोटीनं तोंड वर काढलं, मोटरीनं पानी धरलं.

किशनमामा डोक्याला हात लावून बसले. म्हनले, आरं लेकरांनो, मी एका नावेला एक सांगितला व्हता. तुमी मानशी एक केला? आता मामाच्या नावेत एका खेपेला एकच मानूस, तर नावेला एक आन् मानशी एक, दोन्ही सारखंच. कुनी इचारलंच न्हाई कवा. आन् जितकं भेव जास्त तितके घड जास्त. तिला बुडवत व्हतं ते गंगेचं पानी न्हाई ताई, ते आमचं सगळ्यांचं भेव व्हतं, दांड्यासकट.

मी मित्राला म्हनलं, बास. उद्याच्या यष्टीनं मुरुडला चल, तिथल्या तुव्ह्या मामानं बघितलेली जागा आजून असंल, नसली तर दुसरी बघू. तिची पिशवीबी भरली. ती काही भांडली न्हाई. म्हनली, आई, मलाबी आता भेव वाटतं. पयलं वाटत न्हवतं, आता वाटतं. पन पयल्या मित्राला भेव न्हवतं म्हनून तिनं पीं पीं ऐकलं न्हाई. आता जी मी हाय, ती ऐकनार. मग सांग, बोट कुनाच्या हातात द्यावी?

मी पिशवीतले कपडे काढून परत जाग्यावर ठेवले.

तिनं मग साहेबांना सांगून फोनमधी एक नवं नाव घातलं, गंगा. जसं दत्तारावांचं नाव हाय, तसं. आता खेपेला सगळ्यात आधी गंगेचा घड काट्यावर चढतो, एकच, पाळीपाळीनं एकेकाच्या शेतातला, त्याला स्टिकर लागतं, मगच बाकीचा माल. दत्ताराव म्हनले, घ्या, गंगाबी मेंबर झाली आपल्या कंपनीची. पल्याडच्या लेकरांना घड जातोच. यंत्र पीं पीं करायला लागलं की आता बोट हालत न्हाई, मग वरडो मुळीनं का वझ्यानं.

आन् एक काम तिनं मला लावून दिलं. म्हनली, आई, तू काठावर बसून भेत बसतीस त्यापेक्षा पान्यात उतर, गुडघ्याइतकं, आन् मला लाल रेघ बघून सांग. तवापासून मी उतरते. मुखेडची राणी, तांब्यानं धुनं धुनारी, उतरते. पयल्या दिवशी मालकांनी कमरेला दोरी बांधली व्हती, बाया म्हनल्या नेटवर्कला वायर लावली. आता दोरी लागत न्हाई. जलपर्णी हातानं बाजूला करायची, थंड थंड मुळ्या पायाला लागतात, अंगावर काटा येतो तो रोजच येतो. एका अंगाची रेघ बघायची, मग वळसा घालून दुसऱ्या अंगाची. पंजा लावून बघते, रेघ आन् पान्याच्या मधी मव्हा पंजा बसला पायजे.

भेव गेलं का म्हनाल तर न्हाई गेलं. ठिपका आजूनबी बघते, घास आजूनबी उतरत न्हाई. आता पुन्हा पानी चढून राहिलंय, परवापासून गंगेचा रंग बदललाय, तुमी बघितलाच. सगळ्यांच्या लेकी आपापल्या घाटाला लागोत, एवढंच मव्हं म्हननं. सकाळी ती बोटीवर उभी असती, मी खाली पान्यात. ती म्हनती, येते आई. मी आधी पंजा लावते, दोन्ही अंगाला. बसला तरच म्हनते.

ये.